झणझणीत नूडल्स : अर्ध्या तासात, घरच्या घरी, सगळ्यांच्या हाताने

कामावर जाणाऱ्या आपल्या भगिनींची संध्याकाळ कशी असते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कुणी सफाई खात्यात, कुणी रुग्णालयात आया म्हणून, कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी चार घरची धुणीभांडी करून, तर कुणी कचेरीतून लोकलच्या गर्दीत उभ्याने घरी येते. चप्पल काढली की हात धुवायचे आणि ओट्याशी उभे राहायचे. कालवण एका बाजूला रटरटते, भाकरी दुसऱ्या बाजूला. भाकरी गरम असतानाच खायची असते. म्हणून एकेक भाकरी तव्यावरून उतरते आणि जेवणाऱ्यांच्या ताटात जाते. थापणारीचे ताट मात्र सगळ्यांत शेवटी वाढले जाते. तोवर कालवण निवलेले असते, तळाशी रस्सा उरलेला असतो आणि पोरे अभ्यासाला नाहीतर टीव्हीपुढे बसलेली असतात.

भाकरीला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. ज्वारी-बाजरी-नाचणीने आपल्या पिढ्या जगवल्या आणि आजही रोजच्या जेवणात तिच्याइतके कसदार दुसरे काही नाही. पण आठवड्यातून एखादा दिवस असा असावा, की रांधणारी आणि खाणारे एकाच वेळी बसतील आणि तिचेही ताट गरम असेल. त्या दिवसासाठी एक पदार्थ सुचवावासा वाटतो. मुले ज्याच्यासाठी हट्ट धरतात आणि नाक्यावरच्या गाडीवर पैसे मोजून खातात, तो ‘चायनीज’, म्हणजे झणझणीत नूडल्स.

या पदार्थाची रीतच अशी आहे की त्यात चिरण्याचे काम जास्त आणि शिजवण्याचे काम थोडे. चिरणे चार हातांत वाटता येते. कढईवरचे काम पाच-सात मिनिटांत आटोपते. सगळे एकदम तयार होते आणि एकदमच वाढले जाते. कुणी मागे राहत नाही.

हे ‘हक्का’ कोण?

दुकानात नूडल्सचे पाकीट घेतले तर त्यावर बहुधा ‘हक्का नूडल्स’ असे छापलेले असते. हक्का हे मसाल्याचे किंवा गावाचे नाव नव्हे. ते चीनमधील एका जनसमूहाचे नाव आहे. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘पाहुणे लोक’ असा होतो. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात स्थलांतर करत गेलेले हे लोक जिथे गेले तिथे उपरे ठरले, म्हणून त्यांना हे नाव पडले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ आला आणि त्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ती जागा आजही अचिपूर म्हणून ओळखली जाते. त्याच्यामागून चिनी कारागीर येत राहिले. सुतारकाम, जोडे शिवणे, दात बसवणे असे व्यवसाय त्यांनी धरले. हक्का लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने उभे केले.

कातडी कमावणे हा धंदा त्यांना मोकळा का सापडला असेल? आपल्या वाचकांना याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावणे ज्या समाजव्यवस्थेने विटाळ मानले, त्या व्यवस्थेतील वरच्या जाती या धंद्यात उतरत नव्हत्या. ते काम इथे ठरावीक जातींच्या माथी मारलेले होते. बाहेरून आलेल्या हक्कांना आपल्या जातीच्या शिडीवर पायरीच नव्हती. त्यांनी ते काम घेतले, त्यात कसब मिळवले आणि त्यावर संसार उभे केले. टांगऱ्याच्या कारखान्यांतून बिहारहून आलेले आपले चर्मकार बांधवही मजुरी करत होते.

१९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झाले तेव्हा याच लोकांपैकी हजारोंना, त्यांचा काही गुन्हा नसताना, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. पुष्कळ कुटुंबे नंतर देश सोडून गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कोलकात्याचे कातडी कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. टांगऱ्यातील कित्येक कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे उभी राहिली. तिथल्या कढईत चिनी रीत आणि हिंदुस्थानी तिखट, हिरवी मिरची, आले-लसूण असे एकत्र शिजत गेले. त्याच मिश्रणाला आज आपण सरसकट ‘चायनीज’ म्हणतो. खुद्द चीनमधल्या माणसाला ते ओळखू येईलच असे नाही.

मुंबईत हे जेवण आधी बड्या लोकांच्या ताटात आले. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि चीनच्या सिचुआन प्रांतातील तिखट जेवण मुंबईकर श्रीमंतांना कळले. ‘शेझवान’ हे त्याच सिचुआनचे जुने इंग्रजी रूप. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग या कोलकात्याहून आलेल्या आचाऱ्याने ‘चिकन मंचुरियन’ पहिल्यांदा केले, असे सांगितले जाते. पुढे हे जेवण हॉटेलातून रस्त्यावर उतरले. लाल रंगाची गाडी, तिच्यावर ड्रॅगनचे चित्र, भसाभसा पेटणारी शेगडी आणि कढईवर खणखण वाजणारा झारा ही आता प्रत्येक वस्तीच्या नाक्याची ओळख झाली आहे. त्या गाड्यांवर कष्ट करणारी मुले बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली असतात.

त्या गाडीभोवती उभे राहून सगळ्या जातींची माणसे एकाच भांड्यातली लाल चटणी खातात, कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. हे चित्र पाहायला बरे वाटते. पण त्याच नाक्यावरच्या इमारतीत भाड्याची खोली मागायला गेले की आडनाव विचारले जाते, हेही आपण विसरत नाही. एकत्र जेवल्याने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात बजावून ठेवले आहे. म्हणून गाडीवरच्या प्लेटला क्रांती म्हणण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या हाताच्या कामाला समाजाने हलके म्हटले, त्यांच्याच हातचा पदार्थ आज सगळा देश चाटूनपुसून खातो, एवढी गोष्ट तो पदार्थ करताना मुलांना जरूर सांगावी.

कावडीवरच्या नूडल्स आणि आपले तिरफळ

सिचुआन प्रांतात नूडल्सचा एक प्रकार फार प्रसिद्ध आहे. त्याचे नाव ‘दान दान’. चिनी भाषेत ‘दान’ म्हणजे खांद्यावर आडवी घ्यायची बांबूची काठी, म्हणजेच आपली कावड. तिथला फेरीवाला कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि पातेले, दुसऱ्या टोकाला नूडल्स, वाट्या आणि मसाले अडकवून गल्लीगल्लीतून फिरत असे. कष्टकऱ्यांचे झटपट, स्वस्त आणि तिखट खाणे, ते आज जगभरच्या मोठ्या हॉटेलांत मिळते.

सिचुआनच्या तिखटाला एक खास झणका असतो. जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. तो मिरचीचा नसतो, तिथल्या एका लहान फळाचा असतो. हे फळ आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या जवळच्या नात्यातले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या आपल्या घरांत बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडतेच. तेच तिरफळ नूडल्सच्या चटणीत घातले तर गाडीवरच्या ‘शेझवान’पेक्षा आपल्या घरची चटणी मूळ सिचुआनच्या चवीला अधिक जवळ जाते! मिरची मात्र ना आपली, ना चीनची. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून ती समुद्रमार्गे आशियात पसरली. आज ज्याला आपण अस्सल आपले तिखट म्हणतो, तेही असे दूरदेशचे पाहुणे आहे.

चीनशी आपले नाते याहून जुने. भिक्खू युआन श्वांग सातव्या शतकात धम्मग्रंथांच्या शोधात डोंगर-वाळवंटे ओलांडून भारतात आला, नालंदेत शिकला, महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोहोचला. आपल्या भूमीतून धम्म तिकडे गेला. तिकडून एखादा पदार्थ इकडे आला, तर त्याला परका कशाला म्हणायचे?

आता कामाला लागू.

रविवारी करून ठेवावी अशी लाल चटणी

आठवड्यातल्या कामाच्या दिवशी घाई होते. म्हणून विहारातील वंदना आटोपून आल्यावर रविवारी ही चटणी करून ठेवावी. बाजारच्या बाटलीपेक्षा ती स्वस्त पडते आणि तिच्यात कृत्रिम रंग नसतो.

साहित्य : ब्याडगी मिरच्या १५, तिखट लवंगी किंवा संकेश्वरी मिरच्या ५, लसणाच्या पाकळ्या २० ते २५, आल्याचा दीड इंच तुकडा, तेल अर्धी वाटी, व्हिनेगर १ मोठा चमचा, साखर अर्धा चहाचा चमचा, मीठ चवीप्रमाणे, असल्यास तिरफळे ५-६.

कृती : मिरच्यांची देठे काढून, जमेल तेवढे बी झटकून, त्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. निम्मा लसूण आणि मिरच्या एकत्र वाटाव्यात. पाट्यावर वाटली तर चव न्यारीच, पण मिक्सरही चालेल. भिजवलेले पाणी थोडे थोडे घालावे, एकदम नको. उरलेला लसूण आणि आले अगदी बारीक चिरावे. कढईत तेल तापवून आच मंद करावी, त्यात चिरलेले आले-लसूण परतावे. लसूण लाल होऊ देऊ नये, नाहीतर चटणी कडू होते. वास सुटला की वाटलेली मिरची घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतत राहावे. कडेने तेल सुटू लागले की मीठ, साखर आणि व्हिनेगर घालून एक वाफ आणावी.

तिरफळाच्या आतले काळे बी काढून टाकावे, ते वापरायचे नसते. वरची टरफले कोरडीच किंचित भाजून, कुटून, चटणी उतरवल्यावर मिसळावी. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावी. वर तेलाचा थर राहिला पाहिजे. फ्रिजमध्ये ही चटणी पंधरा दिवस सहज राहते. ओला चमचा घातला तर मात्र तिला बुरशी येते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. ही चटणी भाकरीबरोबर, वड्याबरोबर, उकडलेल्या अंड्यावरही छान लागते.

चार माणसांच्या नूडल्स

साहित्य : हक्का नूडल्सची १५० ग्रॅमची दोन पाकिटे, पाव किलो कोबी, दोन गाजरे, एक मोठी ढोबळी मिरची, पातीच्या कांद्याची एक जुडी, अंडी ४, लसूण १०-१२ पाकळ्या, आले एक इंच, तेल ४ मोठे चमचे, सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर २ चहाचे चमचे, वर सांगितलेली लाल चटणी २ ते ३ मोठे चमचे, मिरपूड, मीठ.

कामाची वाटणी अशी करता येईल. घरी जो सर्वांत आधी पोहोचेल, मग तो कॉलेजातला मुलगा असो की पहिली पाळी संपवून आलेला बाप, त्याने नूडल्स उकडाव्यात. मोठ्या पातेल्यात दोन ते अडीच लिटर पाणी खळखळ उकळावे, त्यात चहाचा चमचाभर मीठ घालून नूडल्स सोडाव्यात. पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिली असतील त्याच्या एक मिनिट आधीच एक काडी बोटाने दाबून पाहावी. मध्ये किंचित कडकपणा राहिला पाहिजे. लगेच चाळणीत ओतून वरून गार पाणी सोडावे, म्हणजे शिजणे थांबते आणि चिकटपणा धुऊन जातो. चमचाभर तेल हलक्या हाताने चोळून नूडल्स मोठ्या ताटात पसरून ठेवाव्यात. नूडल्सचा गोळा होतो अशी बहुतेक गृहिणींची तक्रार असते. त्याची कारणे दोनच : पाणी कमी घेणे आणि उकडून लगेच गरम-ओल्या नूडल्स कढईत टाकणे. निदान वीस मिनिटे तरी त्या सुकू द्याव्यात. सकाळी उकडून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या तर संध्याकाळी अधिकच मोकळ्या होतात.

दुसऱ्याने भाज्या चिराव्यात. सगळ्या भाज्या काडीसारख्या लांब आणि सारख्या जाडीच्या हव्यात, म्हणजे एकाच वेळी शिजतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पातीचा कांदा आणि कोबी चिरायला द्यावा, मुलीला आणि मुलालाही. लहानग्यांनी लसूण सोलावा. पातीचा पांढरा भाग वेगळा आणि हिरवी पात वेगळी ठेवावी.

कढईत टाकण्यापूर्वी सर्व वस्तू ओट्यावर हाताशी मांडून ठेवाव्यात. सोया सॉस, व्हिनेगर आणि चटणी एका वाटीत आधीच कालवून ठेवावी. एकदा आच मोठी केली की डबा शोधायला वेळ नसतो.

आता कढईचे काम. गाडीवरच्या शेगडीची आच आपल्या घरच्या गॅसपेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून तिथे भाजी करकरीत राहते आणि धुराचा तो खास वास येतो. घरी त्याला दोन उपाय आहेत. पहिला, लोखंडी कढई घ्यावी आणि ती रिकामी असतानाच चांगली तापवावी. दुसरा, चार माणसांचे एकदम न करता दोन घाण्यांत करावे. कढई भरून गेली की भाजी परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडते.

तापलेल्या कढईत तेल घालून आधी अंडी फोडावीत, झाऱ्याने मोडून भुर्जीसारखी करून बाजूला काढावीत. पुन्हा थोडे तेल घालून बारीक आले-लसूण आणि कांद्याचा पांढरा भाग अर्धा मिनिट परतावा. मग गाजर, त्यानंतर ढोबळी मिरची, शेवटी कोबी टाकावा. आच मोठीच ठेवावी आणि दोन मिनिटे सतत हलवत राहावे. भाजी दाताखाली करकरली पाहिजे. त्यात नूडल्स घालाव्यात, वाटीतले कालवण कढईच्या कडेने सोडावे, दोन झाऱ्यांनी खालून वर उचलत मिसळावे. अंडी, मिरपूड आणि हिरवी पात घालून गॅस बंद करावा. सोया सॉस मुळातच खारट असतो, म्हणून मीठ चाखून पाहिल्याशिवाय घालू नये.

एका कढईची अनेक रूपे

कावडीच्या नूडल्स : पावसाच्या रात्री किंवा गॅस संपत आला असेल तेव्हा हा प्रकार करावा, यात कढई लागतच नाही. प्रत्येकाच्या वाडग्यात एक चहाचा चमचा सोया सॉस, एक चमचा लाल चटणी तिच्या तेलासकट, मोठा चमचाभर शेंगदाण्याचा कूट, अर्धा चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि तिरफळाची पूड घालावी. नूडल्स उकडल्याचे गरम पाणी दोन-तीन मोठे चमचे घालून कालवावे. त्यावर गरम नूडल्स घालून वर पात पेरावी. खिमा उरला असेल तर तो परतून वर घालावा. हे करायला पंधरा मिनिटे पुरतात.

जवळ्याच्या नूडल्स : चीनच्या दक्षिण भागात सुकी कोळंबी जेवणात सर्रास वापरतात. आपला जवळा तिचाच धाकटा भाऊ. मूठभर जवळा निवडून, धुऊन, पिळून कोरडाच भाजावा आणि लसणाबरोबर परतावा. अंडे नसले तरी चालते. पावसाळ्यासाठी भरलेल्या सुकटीच्या डब्याचा हा नवा उपयोग.

कडधान्याच्या नूडल्स : मोड आलेले मूग वाफवून, किंवा सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, तुकडे करून घालाव्यात. मांस-अंडी न खाणाऱ्यांनाही यातून पौष्टिक अंश मिळतो.

चपातीच्या नूडल्स : पाकीट आणायला पैसे नसतील किंवा सकाळच्या चार-पाच चपात्या उरल्या असतील, तर त्यांची घट्ट गुंडाळी करून कात्रीने बारीक लांब पट्ट्या कापाव्यात. भाज्या आणि चटणी वरच्याप्रमाणेच परतून शेवटी पट्ट्या घालून एक मिनिट हलवावे. अन्न वाया जात नाही, मैद्याऐवजी गहू पोटात जातो आणि मुले ताट पुसून घेतात. खेड्यातल्या भगिनींनी उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या जाड शेवया किंचित भाजून, उकडून वापराव्यात. शेवया म्हणजे तरी दुसरे काय? चीनच्या उत्तर-पश्चिमेला लाजिया येथे उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीच्या, राळ्यासारख्या भरडधान्याच्या नूडल्स वाडग्यात तशाच सापडल्या, त्याची माहिती २००५ मध्ये जगापुढे आली. धान्याचे पीठ वळून त्याच्या काड्या करण्याची कला इतकी जुनी आहे.

थोडी काळजी

पाकिटातल्या नूडल्स बहुतेक मैद्याच्या असतात. त्या रोज खाण्याचा पदार्थ नव्हे. आठवड्यातून एकदा पुरे, आणि तेव्हाही ताटात जेवढ्या नूडल्स तेवढीच भाजी असावी. सोया सॉसमध्ये मिठाचे प्रमाण फार असते. रक्तदाबाचे रुग्ण असलेल्या घरात तो निम्माच घालावा, मधुमेह असणाऱ्यांनी मोड आलेली कडधान्ये आणि अंडी जास्त, नूडल्स कमी असे वाढून घ्यावे. अजिनोमोटोची घरी गरजच नाही. लसूण, पात आणि चटणी ताजी असेल तर चव आपोआप येते. तान्ह्या बाळाला असले काही भरवू नये.

आणखी एक काळजी पोटाची नव्हे, घराची आहे. कित्येक वस्त्यांत संध्याकाळी चायनीजची गाडी आणि दारूची बाटली शेजारी शेजारी आली आहे. प्लेट हे निमित्त होते आणि तरणी पोरे अंधारात ग्लास भरतात. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो, पण ते पाळले जाते की मोडले जाते, हे नाक्यावर ठरते. पोराला नुसते ‘तिथे जाऊ नको’ म्हणून भागत नाही. त्याला ज्या चवीची ओढ आहे ती घरात मिळाली, आणि ती करण्यात त्याचा स्वतःचा हात असला, तर त्याचे पाऊल घराकडे वळण्याची शक्यता वाढते. सगळे प्रश्न एका कढईने सुटणार नाहीत, पण एक संध्याकाळ तरी आपल्या हातात येते. गाडीवर एका माणसाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात आणखी थोडी भर घातली की घरचे चौघे जेवतात, हा फायदा वेगळाच.

समतेचे ताट

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो भगिनींपुढे भाषण केले. समाजाची प्रगती किती झाली, हे आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी सांगितले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, त्याची दासी होण्याचे नाकारावे, हेही त्यांनी तिथेच सांगितले. तथागतांनी सिगाल या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, त्यातही पतीची कर्तव्ये सांगताना पत्नीचा मान राखणे आणि तिचा अवमान न करणे हे आरंभीच येते.

हे सगळे आपण जयंतीच्या व्यासपीठावरून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण बरोबरीचे नाते घराच्या ओट्याशी दिसले पाहिजे. ‘आज मी तिला मदत केली’ असे पुरुषाने म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. मदत दुसऱ्याच्या कामात करतात आणि सगळ्यांचे पोट भरणे हे एकट्या बाईचे काम नव्हे. मुलगा आज नूडल्स उकडायला शिकला तर उद्या भात लावेल, परवा भाकरी थापेल. उद्या शिक्षणासाठी वसतिगृहात गेला तरी त्याचे अडणार नाही, आणि परवा त्याच्या घरात येणाऱ्या सुनेला शेवटच्या, निवलेल्या ताटावर बसावे लागणार नाही. मुलीलाही हे दिसेल की सासरी गेल्यावर कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात एक दिवस ठरवावा. शक्यतो बुधवार किंवा गुरुवार, जेव्हा आठवड्याचा शीण अंगात उतरलेला असतो. कोण उकडणार, कोण चिरणार, कोण कढईपाशी उभे राहणार हे आदल्या रात्रीच ठरवून टाकावे. खरकटी भांडी कोण घासणार, हेही त्याच वेळी ठरवावे. नाहीतर जेवण सगळ्यांचे आणि भांडी आईची, असे व्हायचे! कढई उतरली की चारही ताटे एकदम वाढावीत आणि चौघांनी एकदमच बसावे. पहिला घास कुणीही घ्यावा, मात्र शेवटचे ताट कुणा एकीचे असू नये.

जयभीम.